विडी कामगार महिला, बीपी आणि ताण : प्रकल्पाला 30 जणी पुरतील का?

अशोकचौक_एमए: एम.ए. मानसशास्त्र, शेवटचं सत्र. हेल्थ सायकॉलॉजीचा प्रकल्प : 'विडी वळणाऱ्या महिलांच्या ताणाचा बीपीच्या गोळ्या नियमित घेण्यावर होणारा परिणाम'. ताणासाठी पीएसएस-10 (जाणवणारा ताण मोजणारी 10 प्रश्नांची चाचणी), गोळ्यांसाठी मोरिस्कीची 8 प्रश्नांची चाचणी घ्यावी म्हणतेय. 30 जणी पुरतील का? फॉर्म मराठीत आहेत. हातात दोन महिने.

मापनपट्टी: 30 मध्ये काही हाती लागणार नाही. सहसंबंध 0.30 धरला, सार्थकता पातळी (नसलेला संबंध आहे असं वाटण्याची जोखीम) 0.05 आणि शक्ती (असलेला संबंध सापडण्याची शक्यता) 0.80, तर 85 च्या आसपास लागतात. अर्धवट फॉर्म बाद होतात, म्हणून 100 धरा.

मोरिस्की परवान्याशिवाय नको. पीडीएफ सगळीकडे फिरते म्हणून ती फुकट होत नाही.

पीएसएस-10 मध्ये 4, 5, 7, 8 हे प्रश्न उलटे मोजायचे : 0 चे 4, 1 चे 3. हे राहिलं की अल्फा (प्रश्न एकमेकांशी किती जुळतात तो आकडा) धाडकन पडतो आणि खापर बिचाऱ्या बायकांवर फुटतं, 'त्यांना प्रश्नच कळले नाहीत' म्हणून. बेरीज 0 ते 40. 'इतक्याच्या पुढे जास्त ताण' असल्या पट्ट्या मूळ चाचणीत नाहीत, बेरीजच वापरा.

कुंभारी_नाका: मराठी फॉर्म? सोलापूरच्या पूर्व भागात नाहीतर विडी कामगारांच्या गोदूताई वसाहतीत जाणार असाल तर कित्येक घरांत तेलुगूच बोलतात. तीही सोलापुरी, मराठी मिसळलेली. पुस्तकी तेलुगू चालणार नाही. दोघांकडून वेगवेगळं भाषांतर करून घ्या, जुळवा, मग मूळ न पाहिलेल्या तिसऱ्याकडून उलट भाषांतर, म्हणजे परत मूळ भाषेत. नंतर 8-10 जणींवर चाचपणी. 'गोष्टी हाताबाहेर गेल्यासारखं वाटणं' हे प्रश्न हमखास अडतात.

प्रश्न वाचून दाखवा, सगळ्यांना एकाच पद्धतीनं. पाच पर्यायांसाठी लहान-मोठ्या पाच गोलांचं कार्ड हातात द्या. सासू शेजारी बसली असेल तर तो फॉर्म घेऊच नका. विड्या मोजून द्यायच्या गडबडीतही नको, उत्तरं उरकली जातात.

गोळी_रोज_एक: 'रोज घेता का?' विचारलंत की सगळ्या 'हो' म्हणणार. असं विचारा : 'बऱ्याच जणींची अधूनमधून गोळी राहते. गेल्या 7 दिवसांत तुमची किती दिवस राहिली?' जोडीला गोळ्या मोजा : मिळालेल्यातून उरलेल्या वजा, भागिले घ्यायला हव्या होत्या तितक्या, गुणिले 100. 80 टक्के किंवा वर म्हणजे नियमित, ही रेघ सर्रास वापरतात. पण दवाखान्यातल्या आणि मेडिकलमधल्या गोळ्या एकाच डब्यात असतात, कधी नवराही त्यातलीच घेतो. आकडा 100 च्या वर गेला की तेच समजा.

आणि फक्त ताणच का? 1985 मध्ये मायर, लेव्हेंथाल आणि गुटमन यांनी दाखवलं, की बीपी वाढलेलं आपल्याला कळतं असं रुग्ण मानतात. डोकं दुखलं तर गोळी, नाही तर नाही. 'बीपी वाढलं हे तुम्हाला कशावरून कळतं?' हा एक उघडा प्रश्न घाला, चर्चेच्या प्रकरणाला खरा माल त्यातूनच मिळेल.

अशोकचौक_एमए: संमतीपत्रावर अंगठा चालतो का? आणि सिव्हिलमधून नमुना घेतला तर सोपं जाईल ना?

मापनपट्टी: अंगठा चालतो, पण सोबत त्रयस्थ साक्षीदाराची सही हवी आणि मजकूर तिच्या भाषेत वाचून दाखवलेला हवा. सिव्हिलचा नाद सोडा. तिथल्या नैतिकता समितीची परवानगी दोन महिन्यांत बसवणं अवघड. वस्तीतच जा, विभागाची परवानगी मात्र आधी. आणि शीर्षकातला 'परिणाम' काढून 'संबंध' लिहा. एकदाच मोजल्यावर ताणामुळे गोळी राहिली, की गोळी राहून त्रास झाल्यानं ताण आला, हे कळत नाही. तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न त्यावरच येतो.