जुना ट्रॅक्टर घेतानाचे तुमचे अनुभव सांगा

काल संध्याकाळी बांधापलीकडं नांगरट चालू होती. नांगराची ओळ संपली की नांगर वर उचलणाऱ्या लिफ्टचा तो आवाज, मग वळण, मग फाळ परत जमिनीत. हातातलं काम टाकून ऐकत उभा राहिलो. आमचा पहिला ट्रॅक्टर असाच वाजायचा.

तोही जुनाच घेतलेला. पेरणी तोंडावर आलेली, बाबांना घाई, मी कॉलेजात. आम्ही पोचलो तेव्हा ट्रॅक्टर धुऊन, रंग मारून, चालू करूनच ठेवलेला. मालक म्हणाले, बसा आणि फिरवून बघा. फिरवला, मऊ चालला. त्याच दिवशी विसार दिला. तिसऱ्या आठवड्यात गिअर अडकायला लागले म्हणून गिअरबॉक्सच्या तेलाची पट्टी ओढली, तर तेल दुधासारखं पांढरं. पाणी कधीपासून आत होतं कोण जाणे. बाबा एक शब्द बोलले नाहीत. बोटाला लागलेलं ते तेल अंगठ्यानं चोळत बराच वेळ तिथंच उभे राहिले. तो हंगाम भाड्याच्या ट्रॅक्टरवर निघाला.

आता बाबा नाहीत. धाकटा भाऊ शेतीत परत येतोय, नवा झेपणार नाही, म्हणून पुन्हा जुनाच शोधतोय. तुम्ही कसा घेतलात, कुठं फसलात, कुठं साधलं, आठवेल ते लिहा. माझ्याकडून एवढंच: इंजिन गार असताना बघितल्याशिवाय विसार देऊ नका.

*

अगदी. पोचल्या पोचल्या, बोलणं सुरू व्हायच्या आधी बोनेटवर हात ठेवायचा. गरम लागलं तर "उद्या सकाळी येतो, तोवर चालू करू नका" म्हणून परत फिरायचं. मी दोनदा परत फिरलोय. दुसऱ्या वेळी मालकानंच सांगून टाकलं की सकाळी धक्का दिल्याशिवाय उठत नाही.

*

आमचं घरच मेस्त्रीचं. वडिलांनी आयुष्यभर ट्रॅक्टर खोलले आणि बांधले, त्यांच्याबरोबर बघायला जायचे म्हणून सांगते.

ते आधी धूर बघायचे. गार इंजिन उठताना पांढरा धूर येतो, थोड्या वेळात विरला तर ठीक. निळसर धूर थांबेचना, तर इंजिन तेल खातंय. लायनर, रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह. लोडवर काळा धूर आला तर आधी एअर क्लीनर उघडून बघायचा, कारण बऱ्याचदा तेवढंच असतं, आणि लोक पंप-नोझलच्या खर्चाला घाबरून चांगली मशीन सोडतात. मग इंजिन तापलं की तेल भरायचं झाकण काढून तिथं तळहात धरायचे. वाफ थोडी सगळ्यांचीच येते. पण भकाभका मारायला लागलं की म्हणायचे, कॉम्प्रेशन खाली उतरतंय, इंजिन बांधायला आलंय.

रेडिएटरचं झाकण मात्र गार असतानाच उघडा. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं पॅकिंग) गेलेलं, नशीब वाईट असेल तर हेड किंवा ब्लॉकलाच चीर.

आणि धागाकर्ते दादा, तुमच्या बाबांचं वाचून गलबलून आलं. गिअरबॉक्समधलं पाणी बऱ्याचदा पावसात उघड्यावर उभ्या ट्रॅक्टरच्या गिअर दांड्याच्या फाटक्या रबरातूनच उतरतं. छोटंसं रबर असतं. बाबांची काहीच चूक नव्हती.

*

ताई, हे रबराचं माहीत नव्हतं. आत्ता जाऊन आमचं बघतो.

*

फाटलंय. 🙏

*

रंग बघून घेऊ नका. माझ्या भावानं घेतला तेव्हा हायड्रॉलिकच्या रबरी पायपांवरसुद्धा रंग होता, ग्रीसच्या निपलवर पण. निपलवर रंगाचा थर म्हणजे रंगवल्यापासून ग्रीस घातलेलंच नाही.

*

मीटरवर अजिबात विश्वास ठेवू नका. जुन्या ट्रॅक्टरचा तासाचा मीटर केबलवर फिरतो, केबल काढली की थांबला. आणि तो इंजिनाच्या फेऱ्या मोजतो, घड्याळ नव्हे, हळू चालवलं की तासही हळू पडतात. मी पाहिलेल्यावर ९०० तास दाखवत होते, वय ६ वर्षं. म्हणजे वर्षाला १५० तास. आणि मालक स्वतःच सांगत होता की मळणीपासून ट्रॉलीपर्यंत सगळी भाड्याची कामं केली. मग मी क्लचच्या पेडलकडं पाहिलं. वरचे दाते पार गुळगुळीत, डावा कोपरा तर आरशासारखा चकाकत होता. मागच्या हुकाच्या भोकात बोट फिरवलं, भोक गोल राहिलंच नव्हतं, अंड्यासारखं लांबट. पिननं किती वर्षं घासलं असेल. ९०० तासांत लोखंड एवढं झिजत नाही.

*

हुकाचं भोक बघायचं कुणीच सांगत नाही, धन्यवाद. आम्ही घेतलेला सगळा जन्म वीट आणि वाळू ओढून आलेला होता. इंजिन चांगलं, पण ब्रेक आणि वरचे गिअर गेलेले. शेतातले तास आणि रस्त्यावरचे तास वेगळे. चिखलणीचा असेल तर मागच्या धुऱ्याची सीलं आणि ब्रेकचं झाकण उघडून बघाच, तिथं गाळ शिरलेला असतो. पुढं लोडर लावलेला असेल तर पुढचा धुरा आणि क्लच. काय काम केलं हे कळलं की कुठं बघायचं ते कळतं.

*

मी शेती एकटीनं बघते. बघायला गेले की मालक बोलणार बरोबर आलेल्या दिराशी, मी उभीच. भाऊजींना शेवटी सांगितलं की तुम्ही गाडीतच बसा.

मी नांगर जोडायला लावते, लिफ्ट पूर्ण वर, मग इंजिन बंद. हळूहळू खाली आला तर चालतं, जुनं यंत्र आहे. पण बघता बघता टेकला तर आतून गळती आहे. चालू इंजिनावरही उचललेलं अवजार स्थिर राहिलं पाहिजे. दर चार सेकंदांनी मान डोलावल्यासारखं खाली-वर करत असेल तर तेच. आणि ही तपासणी तासभर काम करून तेल तापल्यावर परत करायची. गार तेल घट्ट असतं, थकलेला पंपही उचलून दाखवतो. पहिल्यांदा हे मला कळलं नव्हतं. सकाळी उचलला आणि दुपारी उचलेना.

म्हणजे इंजिन गार बघा आणि लिफ्ट गरम बघा.

*

वहिनी, हे वाक्य लिहून भिंतीला लावतो. आणि दिराला गाडीत बसवलंत ते फार बरं केलंत.

*

लिफ्टवरून आठवलं, थोडं अवांतर. मागचे तीन आर्म आणि फाळाला जोर लागला की आपोआप थोडं उचलणारी हायड्रॉलिक, ही हॅरी फर्ग्युसन या इंजिनिअरची करामत, पेटंट १९२६ चं. त्याआधी नांगर ट्रॅक्टरमागं नुसता ओढला जायचा, दगडाला अडला की पुढचं टोक वर येऊन ट्रॅक्टर मागं उलटायचा. १९४६ ला आलेला त्याचा छोटा राखाडी ट्रॅक्टर दहा वर्षांत पाच लाखांवर निघाला, आणि जगात कुठं कुठं अजून चालू आहेत. आजोबांना त्याचं भारी वेड. जुना बघायला गेलं की तीन आर्मांतल्या वरच्या आर्मची पिन हलवून बघायचे, म्हणायचे जमिनीचा निरोप इथूनच येतो. ती जागा सैल असली की ड्राफ्ट कंट्रोल, म्हणजे ते आपोआप उचलणं, नीट ऐकत नाही.

*

उलटण्यावरून. जुना घेताना मागची लोखंडी कमान आहे का बघा, ट्रॅक्टर उलटला तर चालवणारा चिरडू नये म्हणून असते ती. माझा चुलतभाऊ ओढ्याच्या उतारावर ट्रॅक्टर उलटून वारला. कमान नव्हती, आधीच्या मालकानं झाडांच्या फांद्या अडतात म्हणून काढून टाकलेली. स्वीडननं १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरला ती सक्तीची केली. एवढं जुनं ज्ञान आहे. कमान नसेल तर भाव करताना तिचे पैसे धरा आणि पहिल्या दिवशी बसवा. सीटचा पट्टाही बांधा.

*

फार वाईट वाटलं दादा. आमचीही काढून कोठीत ठेवलीय. उद्याच बसवते, यांना आत्ताच सांगितलं.

*

टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. मागची जोडी खूप जुनी आणि बाजूनं भेगाळलेली असेल तर खाच कितीही खोल असो, नव्या जोडीचा भाव विचारून घ्या आणि तेवढे कमी करायला सांगा. टायरात पाणी भरलेलं असेल तर रिमही आतून गंजलीय का बघा, व्हॉल्व्हजवळ कळतं.

*

फोर व्हील असेल तर पुढचे-मागचे टायर कंपनीनं दिलेल्याच मापाचे आहेत ना? माझ्याकडं आधीच्यानं पुढं दुसऱ्या मापाचे चढवले होते. पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडत चालली आणि पुढच्या धुऱ्याचे गिअर गेले.

*

कागदांचं कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. इंजिन आणि चॅसीचा नंबर कागदाशी अंकाअंकानं जुळवा, खरवडल्याची खूण असेल तर तिथूनच परत या. आणि कर्जाचा बोजा. आम्ही पूर्ण पैसे देऊन आणला, ऐन काढणीत वसुलीची माणसं दारात. आधीच्या मालकानं हप्ते थकवले होते. मळणी यंत्राचा पट्टा चढवलेला तसाच उतरवला आणि ट्रॅक्टर ओढून नेला. बायको धान्याच्या ढिगापाशी बसून राहिली. कर्ज फिटल्याचं पत्र हातात आल्याशिवाय शेवटचा पैसा देऊ नका, माणूस कितीही गोड असू दे.

*

मी विकणाऱ्याच्या बाजूनं सांगतो. वीस वर्षं एकहाती चालवलेला विकला. दर २५० तासांना तेल बदललं त्याची वही ठेवलेली, फिल्टर कधी, क्लचप्लेट कधी, सगळं. बघायला पंधरा जण आले, सगळ्यांनी रंग उडालाय म्हणून भाव पाडला. सोळाव्यानं वही मागितली. बसून पहिल्या पानापासून वाचली आणि माझ्या मागण्यापेक्षा थोडंच कमी बोलला. त्यालाच दिला. वहीसुद्धा दिली. गेटातून गेला तेव्हा आत येऊन दार लावून घेतलं. असे मालक शोधा, असतात. दुकानात मिळत नाहीत, आसपासच्या मेस्त्रीला विचारलं की तो नाव सांगतो.

*

ट्रॅक्टर जातो तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं होतं. आमचा तीन वर्षांचा नातू अजून त्या आवाजाचा ट्रॅक्टर रस्त्यानं गेला की "आपला आला" म्हणून धावतो.

*

भावाचं कसं ठरवलं ते सांगतो. मागितलेला भाव हा भावच नाही, त्याच मॉडेलचे, त्याच वयाचे दोन-तीन प्रत्यक्ष कितीला गेले ते विचारलं. घेणाऱ्यांना विचारायचं, ते खरं सांगतात. मग आमच्या मेस्त्रीला त्याची दिवसाची मजुरी देऊन बरोबर नेला. त्यानं क्लच असा बघितला: मोठ्या गिअरात टाकून, दोन्ही ब्रेक दाबून, क्लच हळू सोडला. इंजिन दबून बंद पडायला हवं होतं, ते धडधडत राहिलं. प्लेट संपलेली. पुढचं चाक जॅकवर उचलून हलवलं, किंग पिनचे (पुढचं चाक ज्या खुंटावर वळतं त्याचे) बुश सैल. पीटीओला (अवजार फिरवणाऱ्या मागच्या दांड्याला) रोटाव्हेटर जोडून अर्धा तास चालवला. हे सगळं मालकासमोर कागदावर, प्रत्येक कामाचा खर्च पुढं. बेरीज वजा केली. भांडण नाही, घासाघीस नाही. मालक कागद बघून म्हणाले, बुशचं मलाही माहीत नव्हतं.

*

त्या मॉडेलचे पार्ट मिळतात का हे आधी विचारा. आमचा अडीच महिने एका गिअरसाठी उभा होता.

*

मेस्त्रीच्या घरच्या ताई, सेल्फ फिरतो, पण उचलत नाही, बॅटरी नवी आहे. काय असेल?

*

आधी अर्थची वायर सोडवून घासून परत आवळा. दहातले सात तिथंच सुटतात. नाही झालं तर इथंच लिहा.

*

धागाकर्ता. सगळं वाचलं, दोनदा. भावालाही वाचून दाखवलं, वहीवाल्या काकांपाशी तो थांबला आणि म्हणाला असा मिळाला तर रंगाचं बघायचंच नाही.

परवा एक बघायला जायचंय. मालकाला सांगून ठेवलंय की उजाडताना येतो, तोवर चावी लावू नका. "या की" म्हणाला, एकदाही का म्हणून विचारलं नाही. मेस्त्री येतोय, नांगर आमचा नेतोय, दुपारपर्यंत थांबणार. तेलाची पट्टी मात्र मी स्वतः ओढणार आहे.