संगीतकार सलील चौधरींसारखं कॉयर गाणं (समूहगान) सांगलीत बसवायचंय, सुरुवात कशी करू?

विश्रामबागकर: आमचा २० जणांचा ग्रुप आहे पण सगळे एकाच सुरात गातो, सलीलदांचं ऐकलं की वाटतं हे वेगवेगळं गातायत तरी एकच कसं वाटतं??

कृष्णाकाठ: अहो तीच तर त्यांची खासियत, लहानपण आसामच्या चहामळ्यांत गेलं, वडील डॉक्टर, घरात वेस्टर्न क्लासिकलच्या रेकॉर्ड्स आणि बाहेर मजुरांची गाणी, ते दोन्ही कानात भिनलं. पुढे इप्टा या डाव्या विचारांच्या नाट्यसंस्थेसाठी आंदोलनाची गाणी केली आणि १९५८ मध्ये मुंबईत बॉम्बे यूथ कॉयर काढलं, त्याच वर्षी त्यांचं संगीत असलेला मधुमती सिनेमा पण आला! मला तर सिनेमापेक्षा त्यांचं हेच काम मोठं वाटतं.

मिरजकर काका: चार भाग करा. बायकांचे उंच नि खालचे आवाज, पुरुषांचे तसेच. आधी दोनच घ्या, एक गट चाल धरेल, दुसरा खाली सावकाश चालणारे सूर. वेगवेगळ्या खोल्यांत पाठ करा मग एकत्र या, नाहीतर सगळे चालीकडंच ओढले जातात.

विश्रामबागकर: काका रविवारीच करतो, धन्यवाद!