मदत हवी आहे: गोलावरचा एकूण प्रभार, गाउसचा नियम

विद्युतरोधी भरीव गोल, त्रिज्या १० सेमी. केंद्रापासून ५ सेमीवर विद्युत क्षेत्र ९०० न्यूटन प्रति कूलोम, दिशा बाहेरच्या बाजूला. एकूण प्रभार काढायचा आहे.

५ सेमी त्रिज्येचा गाउस पृष्ठभाग (केंद्राभोवती कल्पिलेला बंद गोल) घेतला की आतला प्रभार ०.२५ नॅनोकूलोम येतो. प्रभाराची घनता सगळीकडे सारखी असेल तर घनफळ आठपट, म्हणून एकूण २ नॅनोकूलोम. इथपर्यंत सरळ आहे.

पण घनता केंद्रापासूनच्या अंतराच्या प्रमाणात वाढत असेल तर? आतला प्रभार अंतराच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे १६ पट, ४ नॅनोकूलोम. बरोबर ना?

खरी अडचण वेगळीच. बाहेरच्या थरात एवढा प्रभार असूनही ५ सेमीवर त्याचं क्षेत्र शून्य कसं? गाउसचा नियम तर फक्त एकूण फ्लक्सबद्दल (बंद पृष्ठभागातून बाहेर पडणाऱ्या क्षेत्राची बेरीज, जी आतल्या प्रभारावरून ठरते) बोलतो. हे निव्वळ सममितीमुळे होतं का? प्रभार एका बाजूला जास्त असेल तर ही पद्धत कोलमडेल, असं वाटतं. कोणी नीट समजावेल का?