फोंड्याहून मनाली: ६५ हजारांत चौघांना बर्फ दाखवायचा आहे

अंत्रुजकर

नमस्कार मंडळी. आम्ही दोघं, मुलगी ९ वर्षांची आणि मुलगा ४ वर्षांचा, असे चौघं जण बर्फ बघायला जायचं म्हणतोय. एकूण खर्च ६५ हजारांच्या वर जाता कामा नये, म्हणून विमान सोडून रेल्वे धरली आहे. ठिकाण मनाली.

शाळेला सुट्टी एक तर नाताळात, नाही तर मे महिन्यात. यांपैकी कधी गेलं तर बर्फ नक्की मिळेल? मुलांनी आजवर पाहिलेली थंडी म्हणजे डिसेंबरातली पहाट, त्यामुळे कपड्यांचा काहीच अंदाज नाही. विकत किती घ्यायचे, तिथे भाड्याने किती? शिवाय धाकट्याला चोर्ला घाटातसुद्धा उलट्या होतात आणि पेजेशिवाय त्याचं पान हलत नाही. जाणकारांनी सविस्तर सांगावं.

रेल्वेवेडा

अंत्रुजकर, आधी तारीख पक्की करा. बर्फाचं सगळं गणित तिच्यावर आहे.

हिमाचलात हिवाळ्यातला बर्फ पश्चिमी विक्षोभामुळे, म्हणजे पश्चिमेकडून येणाऱ्या वादळी हवेमुळे पडतो. डिसेंबरात हे विक्षोभ कमी आणि कमजोर असतात. मनाली शहर साधारण २,०५० मीटरवर आहे, त्यामुळे नाताळात तिथे अनेकदा नुसती कोरडी थंडी असते. मनालीजवळची सोलंग दरी थोडी वर, २,५०० मीटरच्या आसपास. तिथेही त्या आठवड्यात बर्फाची खात्री नाही. खात्रीचा काळ म्हणजे जानेवारीचा मध्य ते फेब्रुवारीचा मध्य. नाताळ ते नववर्ष खोल्यांचे भाव दुप्पट-तिप्पट होतात, सोलंग आणि अटल बोगद्याच्या रस्त्यावर तासन् तास गाड्या अडकतात. म्हणजे जास्त पैसे मोजून कमी बर्फ.

मे महिन्यात बर्फ उरतो तो रोहतांग खिंडीत, ३,९७८ मीटरवर. त्यासाठी गाडीला ऑनलाइन परवाना लागतो, रोजच्या गाड्यांची संख्या ठरलेली असते आणि देखभालीसाठी मंगळवारी रस्ता बंद ठेवतात. खिंड अजून उघडलेली नसेल तर ड्रायव्हर बारालाचा किंवा ‘शिंकू ला’ या आणखी उंच खिंडी सुचवतात. चार वर्षांच्या मुलाला घेऊन तिथे जाऊ नका. बारालाचा ४,८०० मीटरच्या वर आहे आणि शिंकू ला ५,००० च्या वर. समुद्रकाठचं मूल एका दिवसात तिथे नेणं धोक्याचं आहे.

माझं मत स्पष्ट आहे: जानेवारीच्या उत्तरार्धात किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात जा आणि शाळेत आधी अर्ज द्या. शुक्रवारी दुपारी गोवा एक्स्प्रेसने निघालात तर रविवारी सकाळी दिल्लीचं हजरत निजामुद्दीन स्टेशन. फोंड्याहून मडगावला चढणं सोयीचं. कुळे सोडल्यावर दूधसागर येतो, तेव्हा मुलांना खिडकीशी बसवा. रविवारी रात्रीची बस, सोमवारी सकाळी मनाली. चार रात्री मुक्काम, शुक्रवारी संध्याकाळची परतीची बस, शनिवारी दुपारची गाडी आणि सोमवारी पहाटे गोव्यात. शाळा बुडते ती मुख्यतः मधल्या आठवड्याची. फक्त २३ ते २६ जानेवारी या दिवसांत दिल्लीतून जाणं टाळा. प्रजासत्ताक दिनाच्या बंदोबस्तामुळे रस्ते वळवतात आणि स्टेशनांवर तपासणीच्या रांगा लागतात.

जानेवारीत धुक्यामुळे आग्रा-मथुरा पट्ट्यात गाड्या तासन् तास उशिरा धावतात. म्हणून सकाळी पोचणाऱ्या गाडीनंतर दुपारची बस घेऊ नका, रात्री आठच्या पुढचीच घ्या. गाडी वेळेत आली तर दिवसभरासाठी स्टेशनवरची रिटायरिंग रूम मिळते का बघा, मुलांची आंघोळ आणि झोप होते. निजामुद्दीनहून बस पकडायला कश्मीरी गेटला मेट्रोने जायचं तर सराय काले खाँ स्थानकातून गुलाबी मार्गिका, लाजपत नगरला जांभळी पकडा, ती थेट कश्मीरी गेटला जाते. तीन फुटांखालच्या मुलाला मेट्रोत तिकीट नाही.

तिकिटांचा नियम असा: ५ वर्षांखाली वेगळा बर्थ नको असेल तर फुकट, ५ ते ११ वयाला बर्थ हवा तर पूर्ण भाडं, नको तर अर्धं. तुमची मुलगी अर्ध्या तिकिटावर नेऊ नका. दीड दिवसाहून जास्त प्रवास आहे, दोन बर्थमध्ये चौघं झोपूच शकत नाहीत. तीन बर्थ घ्या, त्यातला एक खालचा. स्लीपरचं भाडं निम्म्याहून कमी आहे, पण भोपाळच्या पुढे रात्री खिडकीच्या फटींतून वारा येतो आणि पांघरूण मिळत नाही. इथे पैसे वाचवू नका, थ्री टियर एसीच घ्या.

खर्चाचा अंदाज असा धरा. रेल्वे जाऊन-येऊन तीन बर्थ १४,४००. दिल्ली-मनाली व्होल्व्हो चार सीट दोन्ही वेळा १३,६००. साधी बस बरीच स्वस्त, पण लहान मुलांना रात्रभर त्रास. खोली चार रात्री ८,००० आणि हीटरचे १,२००. दोन दिवसांची टॅक्सी ६,०००. बर्फाचे कपडे भाड्याने, दोन दिवस, २,४००. जेवण १०,८००. दिल्लीतला किरकोळ खर्च २,०००. झाले ५८,४००. उरलेले ६,६०० हात न लावता ठेवा, ते कशाला ते खाली कोणी तरी सांगेलच.

डिचोलीकरीण

कपड्यांचं मी सांगते. गोव्यातल्या घरात अर्धं सामान आधीच असतं आणि लोक ते विसरून नवीन घेतात. मुलांचे पावसाळी रेनकोट, पँटसकट, सोबत घ्या. बर्फात मूल बसतं, लोळतं, आणि बर्फ अंगाच्या उबेने वितळतो. वरचा थर पाणी अडवणारा नसेल तर आतलं सगळं पंधरा मिनिटांत भिजतं. लोकरीच्या स्वेटरवर रेनकोट हा भाड्याच्या फाटक्या सूटपेक्षा कधी कधी बरा पडतो.

जीन्स आणि सुती बनियन मात्र बर्फाच्या दिवशी नकोच. सुती कापड पाणी धरून ठेवतं आणि अंगातली ऊब ओढून घेतं. अंगाला चिकटणारा थर्मल, त्यावर फ्लीस किंवा लोकर, त्यावर जाकीट. प्रत्येक मुलाला थर्मलचे दोन जोड, लोकरी मोजे चार जोड, कानटोप्या दोन, हातमोजे दोन जोड. हातमोज्यांतला एक जोड पाणी न शिरणारा हवा. मुलं पहिल्या दहा मिनिटांत बर्फाचे गोळे करतात, लोकरीचे हातमोजे चिंब होतात आणि मग रडारड सुरू होते. थर्मल एक नंबर मोठे घ्या, पुढच्या वर्षीही चालतात.

पावसाळी गमबूट घरचे नेऊ नका. त्यांना आतून अस्तर नसतं, तळवा घसरतो. मनालीहून सोलंगच्या रस्त्यावर नंबर लावलेली दुकानं आहेत, तिथे सूट आणि बूट मिळतात. माणशी दिवसाला ३०० धरा आणि आधी भाव ठरवा. ड्रायव्हर नेईल त्याच दुकानात घेतलं पाहिजे असं नाही. बूट घेताना हात थेट पंजापर्यंत आत घाला. आदल्या दिवशीचा ओलावा वरून कळत नाही, बोटांशी असतो. ओला बूट परत द्या. दोन मोजे घालून बूट आवळत असेल तर एक मोजा काढा; आवळलेल्या पायात रक्त फिरत नाही आणि पाय जास्त गार पडतो. सूटवर आधीच फाटलेलं असेल तर त्याचा फोटो काढून ठेवा, परत देताना वाद होत नाही.

४ वर्षांच्या मापाचा सूट प्रत्येक दुकानात नसतो, म्हणून रेनकोट गाडीत राहू द्या.

मांडवीकाठ

उंची आणि प्रकृतीबद्दल. विरळ हवेचा त्रास साधारण २,५०० मीटरच्या वर सुरू होऊ शकतो. पहिला दिवस मनालीतच काढा: हिडिंबा मंदिर, देवदारांचं बन, लवकर झोप. दुसऱ्या दिवशी सोलंग. तिसऱ्या दिवशी अटल बोगद्यातून पलीकडे लाहौलमध्ये सिस्सूपर्यंत. तिथली उंची ३,१०० मीटरच्या आसपास. बोगदा ९.०२ किलोमीटरचा आहे, ऑक्टोबर २०२० मध्ये खुला झाला, आणि रोहतांगसारखा परवाना त्याला लागत नाही. पलीकडे बर्फ जास्त आणि जास्त टिकतो. मात्र लाहौलमध्ये जानेवारी-फेब्रुवारीत हालडा, फागली हे सण असतात आणि काही गावं त्या काळात पर्यटकांना येऊ देत नाहीत. आदल्या संध्याकाळी टॅक्सीवाल्याला विचारा.

लहान मुलाला डोकं दुखतंय हे सांगता येत नाही. कारण नसताना किरकिर, खाणं नाकारणं, उलटी, सुस्ती दिसली तर ती उंचीमुळे आहे असंच धरून खाली या. ५०० मीटर खाली आल्यावरही बराच फरक पडतो.

बर्फात धाकट्याला सलग अर्ध्या तासापेक्षा जास्त ठेवू नका. मग गाडीत, कोरडे हातमोजे, गरम पाणी. नाकाचा शेंडा किंवा बोटं पांढरी, बधिर झाली तर काखेत धरून ऊब द्या. बर्फाने चोळू नका, शेकोटीवर धरू नका. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही. गॉगल मुलांनाही हवा. ताजा बर्फ ८० टक्क्यांपर्यंत अतिनील किरणं परत फेकतो. सनस्क्रीन हनुवटीखाली आणि नाकपुड्यांभोवतीसुद्धा लावा, ऊन खालूनही लागतं.

एक गोष्ट कळकळीने सांगतो. रात्री बंद खोलीत कोळशाची शेगडी कोणी आणून दिली तरी घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर झरोका उघडा आहे ना ते आधी बघा. विजेचा हीटर किंवा विजेची गादी असलेली खोलीच ठरवा आणि गरम पाणी किती वाजता येतं ते विचारा.

उलट्यांसाठी: मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. बालरोगतज्ज्ञाकडून वजनाप्रमाणे औषध लिहून घ्या. ते बस सुटण्याआधी द्यायचं असतं, मळमळ सुरू झाल्यावर उपयोग कमी. सीट मागच्या चाकांच्या पुढची घ्या. जेवण दोन तास आधी आणि हलकं, तळलेलं नको. मनालीच्या वाटेवर कीरतपूरच्या पुढे चौपदरी रस्ता आणि बोगदे झाल्याने वळणं पूर्वीपेक्षा कमी आहेत, आणि रात्री मूल झोपलेलं असतं हा मोठा फायदा.

अंत्रुजकर

देव बरे करो सगळ्यांना. तारीख पटली, घरातही बोलणं झालं. पेजेचं कोणी सांगितलं नाही. आणि ते ६,६०० नेमके कशाला?

डिचोलीकरीण

पेज होते, पण घरच्यासारखी नाही. मनालीच्या उंचीवर पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे उकडे तांदूळ उघड्या भांड्यात शिजता शिजत नाहीत. बाहेरून फुगतात, आत कणी राहते. तांदूळ इथूनच भाजून जाडसर भरडून न्या, पाऊण किलो पुरे. हॉटेलच्या स्वयंपाकघरात कुकरला लावून मागा. खोलीत स्वतःची विजेची शेगडी बहुतेक ठिकाणी चालत नाही. सोबत लिंबाचं किंवा कैरीचं लोणचं छोट्या बरणीत, झाकणावर प्लास्टिक बांधून. एक लिटरचा थर्मास घ्याच. सकाळी त्यात पेज भरली की सोलंगला दुपारपर्यंत कोमट राहते.

रेल्वेवेडा

६,६०० रस्ता बंद पडला तर. मोठी हिमवृष्टी झाली की पुढे फोर बाय फोर किंवा साखळी लावलेल्या गाड्याच सोडतात, त्यांचं भाडं जास्त. परतीच्या मोठ्या बस कधी कधी वर येत नाहीत, खालच्या पतलीकुहल किंवा कुल्लूहून सुटतात. तिथपर्यंत स्थानिक गाडीने उतरावं लागतं. हवामान खात्याचा इशारा रोज संध्याकाळी बघा. शुक्रवारसाठी ऑरेंज इशारा आला तर गुरुवारीच कुल्लूला उतरून तिथे रात्र काढा. कुल्लू १,२०० मीटरच्या आसपास आहे, तिथून पुढचा रस्ता सहसा सुरू असतो. मुलांना थोडं वाईट वाटेल, पण शनिवारची गाडी चुकली तर चौघांची नवीन तिकिटं काढणं ६५ हजारांत बसत नाही. यातले तीनेक हजार रोख ठेवा. बर्फात वीज गेली की मोबाइलचं नेटवर्कही जातं आणि यूपीआय चालत नाही.

तिकिटांचं आरक्षण ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडतं. जाण्याचं आणि येण्याचं एकाच दिवशी काढता येत नाही: शुक्रवारचं आधी उघडेल, परतीच्या शनिवारचं त्यानंतर आठ दिवसांनी. दोन्ही तारखा कॅलेंडरवर लाल करून ठेवा आणि रेल्वे तिकिटांचं आयआरसीटीसीचं खातं आधारशी आत्ताच जोडा. मुलांची नावं, वयं त्या खात्यातल्या मास्टर लिस्टमध्ये (प्रवाशांच्या यादीत) आधी भरलीत तर त्या सकाळी दोन मिनिटं वाचतात.