दुसरीच्या गणितात पाढे कमी आणि काड्या जास्त, असं का?

ठाणेकर बाबा:
मुलगी दुसरीला, मराठी माध्यम. काल गृहपाठाला ४२ वजा १७ होतं. मी म्हटलं दोनातून सात जात नाहीत, शेजारून एक दशक घे, तर ही उठली आणि आईस्क्रीमच्या काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे घेऊन आली, एका गठ्ठ्याचं रबर काढलं, काड्या पसरल्या आणि मोजत बसली. उत्तर बरोबर आलं, २५, पण पाच मिनिटं गेली. आम्ही रोज तिन्हीसांजेला दिवा लागला की पाढे म्हणायचो, हिचा सहाचा पाढा अजून अडखळतो. हे सगळं ठरवतं कोण? यामागे खरंच मानसशास्त्र आहे का? मला काळजी वाटतेय हो.

शहापूरचा मास्तर:
दादा, जिल्हा परिषद शाळेत शिकवतो म्हणून सांगतो. पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाचं म्हणणं होतं की साधारण सात ते अकरा वयाचं मूल समोरच्या, हाताळता येणाऱ्या गोष्टींवरून तर्क करतं. ब्रूनर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने पुढे आधी वस्तू, मग चित्र, मग चिन्ह असा क्रम मांडला, काड्या, चित्रं आणि नुसते आकडे येतात ते त्यावरूनच. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने ज्ञानरचनावाद, म्हणजे मूल स्वतःच्या अनुभवातून ज्ञान रचतं हा विचार, उचलून धरला आणि पुस्तकं बदलत गेली. माझ्या वर्गातला एक पोरगा 'छत्तीस' ऐकून ६३ लिहायचा, कारण आपण बोलताना एकक आधी बोलतो आणि लिहिताना दशक आधी लिहितो. तीन गठ्ठे नि सहा सुट्या काड्या हातात दिल्या तेव्हा त्याचं त्यालाच कळलं. २०१९ ला दुसरीच्या पुस्तकात सत्तावीसचं 'वीस सात' असं वाचन आलं आणि केवढा गदारोळ झाला, पण अडचण हीच होती.

नेरूळची आई:
सर, पटतं, पण माझा मोठा पाचवीत आहे, त्याला भागाकार म्हणजे काय ते छान सांगता येतं आणि गणित सोडवताना सात आठे किती इथेच अडकतो, बोटं मोजेपर्यंत पुढची पायरी विसरतो. डोक्यात एका वेळी थोडंच मावतं हेही मानसशास्त्रच सांगतं ना? पाढा पाठ असला की तेवढी जागा मोकळी राहते. थॉर्नडाइक हा मानसशास्त्रज्ञ सरावावर भर द्यायचा तो काही उगाच नाही. शाळेने पाढे घरावर सोडले आणि नोकरी करून आम्हाला ते जमलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

शहापूरचा मास्तर:
ताई, तुमचं बरोबर आहे, सराव सुटला ही चूकच. रचनावाद म्हणजे पाठांतर बंद असा अर्थ बऱ्याच ठिकाणी काढला गेला, तसं नाहीये ते. सहा-सहा मण्यांच्या ओळी मांडून पाढा तयार करायचा आणि मग रोज म्हणायचाच. आपल्या भागात हे नवं नाही हो, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ या बालशिक्षणतज्ज्ञांनी बोर्डी-कोसबाडला, म्हणजे तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातच, शंख-शिंपले, पानं, बिया घेऊनच मुलांना शिकवलं.

ठाणेकर बाबा:
आभार दोघांचे. आज रात्रीपासून मण्यांवर सहाचा पाढा घेतो. पण काड्या कधी काढून घ्यायच्या?

शहापूरचा मास्तर:
काढून घेऊ नका. वायगॉट्स्की हा रशियन मानसशास्त्रज्ञ म्हणायचा की आज जे मदतीने जमतं ते उद्या एकट्याने जमतं, म्हणून मदतच थोडी थोडी कमी करा. आधी गठ्ठ्यांचं चित्र काढू द्या, मग डोळे मिटून 'रबर काढलं, आता सुट्या किती?' एवढंच विचारा. बारा म्हणाली की पुढचं कागदावर.