ड्रायर चालू असला तरच गराजचा लाइट लागतो, एरवी नाही. एक्स-टेन वापरणाऱ्यांनी प्लीज मदत करा

सुमेधा_जर्सी
नमस्कार मंडळी. आम्ही न्यू जर्सीत जुनं घर घेतलंय, आधीच्या मालकाने सगळीकडे एक्स-टेनचे स्विच बसवून ठेवलेत, म्हणजे वायफाय वगैरे काही नाही, कंट्रोलरचा सिग्नल घरातल्या लाइटच्या वायरींमधूनच जातो. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना पलंगावरूनच जिन्यातला लाइट लावता येतो म्हणून मला हे काढून टाकायचं नाहीये. पण झालंय असं की जिन्यातला लाइट दिवसा बटण दाबलं की लगेच लागतो आणि रात्री सगळे टीव्हीसमोर बसले की कितीही दाबा, ढिम्म. गराजच्या लाइटचं तर अजबच आहे, तो कपड्यांचा ड्रायर चालू असला तरच लागतो!! इलेक्ट्रिशियन येऊन गेला, वायरिंग ठणठणीत आहे म्हणाला, स्विच खराब आहेत सगळे बदला. पण तोच जिन्यातला स्विच दुसऱ्या खोलीत लावला तर रात्रीसुद्धा मस्त चालतो, मग खराब कसा?

जुना_वायरमन
ताई स्विच अजिबात बदलू नका, पैसे वाया जातील. तुमच्याकडे दोन वेगवेगळ्या भानगडी आहेत. आधी गराजचं सांगतो कारण ड्रायरने उत्तर देऊनच टाकलंय. अमेरिकेत घरात 240 व्होल्ट येतात आणि मधे न्यूट्रल, म्हणजे 120-120 चे दोन लेग. तुमचा कंट्रोलर एका लेगवर आहे आणि गराज दुसऱ्यावर. सिग्नलला पलीकडे जायचं तर बाहेरच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत जाऊन परत यायचं, तोवर त्यात दम उरत नाही. ड्रायरचं हीटर कॉइल दोन्ही लेगच्या मधे असतं, ते चालू झालं की सिग्नलला घरातल्या घरात पलीकडे जायला वाट मिळते. यावर फेज कप्लर मिळतो, म्हणजे सिग्नलला एका लेगवरून दुसऱ्यावर नेणारा डबा, ड्रायरच्या सॉकेटमध्ये लावायचा किंवा पॅनेलमध्ये टू-पोल ब्रेकरवर, म्हणजे दोन्ही लेगना जोडलेल्या ब्रेकरवर, बसवायचा. घर मोठं असेल तर रिपीटरवाला, म्हणजे सिग्नल पुन्हा जोरात सोडणारा, घ्या. बाजारातून कपॅसिटर आणून दोन लेगमध्ये घरच्या घरी जोडा असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, हे काम लायसन्सवाल्याकडूनच.

सुमेधा_जर्सी
अरे वा, हे पटलं. पण मग टीव्हीचं काय? टीव्ही तर कंट्रोलरच्याच बाजूच्या लाइनवर आहे. टीव्ही लाइनमध्ये डिस्टर्बन्स सोडतो का?

हर्ट्झवाला
सोडत असेलही पण मला तो संशय कमी वाटतो. एक विचारतो, रात्री टीव्ही बंद करताना नुसत्या रिमोटने करता की स्पाइक गार्डचं बटणही बंद करता?

सुमेधा_जर्सी
सासरे न चुकता मागचं बटण बंद करतात, दिवसभर बंदच असतं. का?

हर्ट्झवाला
मग चोर तिथेच आहे बघा. एक्स-टेन 1975 च्या सुमारास स्कॉटलंडमधल्या एका कंपनीने काढलं, तेव्हा घरात बल्ब, पंखे, मोटरी असायच्या. सिग्नल म्हणजे 120 किलोहर्ट्झचे एक मिलिसेकंदाचे छोटे झटके, आणि ते व्होल्टेजची लाट शून्यावर येते त्याच क्षणी सोडतात कारण तेव्हा लाइन सगळ्यात शांत असते. आता चांगल्या स्पाइक गार्डमध्ये, टीव्हीत, कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये लाइन आणि न्यूट्रलच्या मधे कपॅसिटर असतो, घाण गाळायला. समजा 0.1 मायक्रोफॅरडचा आहे. 60 हर्ट्झला त्याचा अडथळा साधारण 26 हजार ओहम, म्हणजे लाइटच्या दृष्टीने तो नसल्यासारखाच. पण तोच 120 किलोहर्ट्झला फक्त 13 ओहम! सिग्नलसाठी हा जवळपास शॉर्टच, तुमचा सगळा सिग्नल तिथेच जिरतो आणि जिन्यापर्यंत काही पोचतच नाही. दिवसा मागचं बटण बंद म्हणजे हा कपॅसिटर लाइनवर नसतोच, म्हणून तेव्हा लाइट लागतो. म्हणजे इथे गोंगाट करणारं काही नाही, गुपचूप पिणारं आहे. आणि जितका भारी स्पाइक गार्ड तितका तो जास्त पितो, म्हणून तर लोकांच्या हे लक्षात येत नाही.

गोंगाट करणारे वेगळे, स्वस्तातले चार्जर, एलईडीचे ड्रायव्हर, जे आतला करंट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतात आणि ती फ्रिक्वेन्सी कधीकधी 120 किलोहर्ट्झच्या आसपासच पडते. त्यांच्यामुळे स्विच बहिरे झाल्यासारखे वागतात. बॅटरीवरचा एएम रेडिओ स्टेशन नसलेल्या जागी लावून सॉकेटजवळ फिरवा, खरखर वाढली की बराच अंदाज येतो.

खात्री करायला पॅनेलमधले सगळे ब्रेकर पाडा, फक्त कंट्रोलरचा आणि जिन्याचा ठेवा. लाइट लागला की एकेक ब्रेकर चढवत जा आणि दर वेळी बटण दाबून बघा. ज्या ब्रेकरला बंद पडेल त्या खोलीतले प्लग एकेक करून काढा. कंटाळवाणं आहे पण यात अंदाजपंचे काही नाही, आणि हे केल्याशिवाय एक रुपयाची, आय मीन एक सेंटची खरेदी करू नका.

नाशिककर_नेटवाला
थोडं वेगळं पण मुद्दा तोच म्हणून लिहितो. आमच्याकडे वरच्या मजल्यावर इंटरनेट न्यायला पॉवरलाइन अॅडॉप्टर आहेत, ते 2 मेगाहर्ट्झच्या वर चालतात पण स्पाइक गार्डमध्ये लावले की स्पीड तशीच मार खाते, थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावायचे. आणि बंगल्यात थ्री फेज असेल तर दोन्ही अॅडॉप्टर एकाच फेजवर आहेत ना ते आधी बघायचं.

सुमेधा_जर्सी
केलं सगळं!! फॅमिली रूमचा ब्रेकर चढवला की जिना बंद. मग टीव्हीचा प्लग काढला तरी बंदच, स्पाइक गार्ड उपटला आणि टीव्ही थेट भिंतीत लावला तर लाइट चालू. म्हणजे स्पाइक गार्डच. पण टीव्ही असा उघडा ठेवायची भीती वाटते, इथे उन्हाळ्यात वीजा फार पडतात.

हर्ट्झवाला
उघडा ठेवूच नका. एक्स-टेनसाठी प्लग-इन फिल्टर मिळतो, तो भिंतीत लावायचा आणि त्यात स्पाइक गार्ड. मग गार्डचं काम गार्ड करेल आणि सिग्नल त्याच्यापर्यंत जाणारच नाही. टीव्हीला 5 अँपिअरवाला पुरतो, पण त्या गार्डवर व्हॅक्यूम क्लीनर किंवा हीटर लावायची कोणाला सवय असेल तर 15 अँपिअरचाच घ्या, लहान फिल्टर तापतो.

जुना_वायरमन
आणि ताई, कप्लर बसवताना जिन्यात एलईडी लावायचा विचार असेल तर तो स्विच डिमरवाला, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करणारा, आहे का तेही त्याच माणसाकडून बघून घ्या. एक्स-टेनचे जुने डिमर साध्या बल्बसाठी बनवलेत, एलईडी लावला की बंद केल्यावरही मिणमिणतो किंवा फडफडतो. तिथे रिलेवाला, म्हणजे नुसता चालू-बंद करणारा, स्विच लागेल, आणि त्याला बॉक्समध्ये न्यूट्रल आलेला पाहिजे.