घरच्यांनी छोटे आनंद सांगावेत म्हणून काय करू?

मदत हवी आहे. मुलगी परवा पहिल्यांदा कुणी न धरता सायकल चालवून आली, आणि हे मला शेजारच्या काकूंकडून कळलं! "त्यात काय सांगायचं?" म्हणाली. आमच्याकडे तक्रारी लगेच बोलल्या जातात, चांगलं झालेलं मनातच राहतं. मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांचं २००४ मधलं संशोधन वाचलं: ऐकणाऱ्याने मनापासून रस घेतला की सांगणाऱ्याचा आनंद वाढतो. नुसतं "छान" पुरत नाही. म्हणून हातातलं काम बाजूला ठेवून विचारलं, "वळणावर तोल कसा सांभाळलास?" तर काय खुलली! पण नवरा फार अबोल. खोदून विचारलं की त्याला उलटतपासणी वाटते. तुमच्या घरातली अशी माणसं कशी बोलती झाली? जेवताना ठरवून विचारता, की आधी स्वतःचं काही सांगता?